काल काय जेवलात? एका गृहपाठाचं प्रकरण

२०२४ च्या जुलैत मी सहावी-सातवीच्या एकत्र वर्गाला एक गृहपाठ दिला : मागच्या तीन दिवसांत घरी काय काय खाल्लं ते लिहून आणा. विज्ञानात पोषणाचा धडा चालू होता. पुस्तकातल्या ताटापेक्षा मुलांच्या स्वतःच्या ताटातून प्रथिनं, कर्बोदकं, क्षार शोधावेत, एवढाच विचार होता.

वह्या आल्या. पहिल्या वहीत पोळी, पनीरची भाजी, दूध, सफरचंद. दुसरीत पोळी, पालेभाजी, दूध, सफरचंद. तिसरीतही सफरचंद. बंदराकडच्या एका मुलीने तिन्ही दिवस पनीर लिहिलं होतं. आमच्या गावात पनीर मिळत नाही, ते आणायचं तर एसटीने तालुक्याला जावं लागतं. तिच्या घरी त्या आठवड्यात काय शिजत होतं ते मला माहीत होतं, कारण मी रोज त्याच आळीतून चालत शाळेत येते आणि जुलैत त्या आळीला जवळा, म्हणजे अगदी बारीक सुकी कोळंबी, भाजल्याचा वास असतो. पण जवळा एकाही वहीत नव्हता. पेज नव्हती, कुळथाची पिठी नव्हती, नाचणीची भाकरी नव्हती. सफरचंद कुठून आलं हे मान वर केली तेव्हा कळलं. वर्गाच्या भिंतीवर संतुलित आहाराचा तक्ता होता आणि मुलांनी त्याच्यावरचं ताट उतरवून काढलं होतं.

एका मुलाने मात्र खरं लिहिलं होतं. सकाळी चहा आणि बेकरीतलं बटर, दुपारी शाळेत, रात्री भात आणि चहा. त्याच्या खरेपणाचं कौतुक करावं म्हणून मी ती वही मोठ्याने वाचली. मागून कोणीतरी "भातासंगती चाय?" म्हणालं आणि वर्ग हसला. पुढचे चार दिवस तो शाळेत आला नाही.

ही चूक माझी होती, आणि हे प्रकरण लिहिण्याचं कारणही तीच आहे. आहार शिकवताना शिक्षक मुलाच्या घरात शिरतो. दार न वाजवता शिरलो तर मूल खोटं बोलतं, कारण घराची अब्रू त्याला पोषणाच्या धड्यापेक्षा मोठी असते. आणि ते बरोबरच आहे.

गाव आणि वर्ग

शाळा जिल्हा परिषदेची आहे, पहिली ते सातवी, शिक्षक चार. रत्नागिरी आणि राजापूर यांच्या मधल्या एका खाडीच्या तोंडाशी गाव आहे. खाली बंदरावर खारवी आणि दालदी मुसलमान, दोघांचाही धंदा मच्छीमारीचा. मधल्या भागात भंडारी, काही मराठे, दोन ब्राह्मण घरं. वर चढणीला कुणबीवाडी आणि बौद्धवाडी. हापूसच्या बागांमध्ये राखणीला नेपाळी कुटुंबं राहतात, आणि सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, चिरेखाणीत कर्नाटकातून आलेली माणसं काम करतात. त्यांचीही मुलं आमच्याकडेच येतात. 'जेवलो' हा एक शब्द आमच्या वर्गात पाच तऱ्हांनी म्हटला जातो.

गृहपाठ फसल्यावर आम्ही चौघे बसलो. मुख्याध्यापक गुरुजींनी एकच नियम सुचवला आणि वर्षभर आम्ही तो पाळला : मुलाच्या ताटाबद्दल विचारायचं नाही, पदार्थाबद्दल विचारायचं. 'तू काय खाल्लंस' याऐवजी 'नाचणी कुठे होते, कधी होते, तिला काय काय म्हणतात'. दुसरं असं ठरलं की हा विषय एकट्या विज्ञानाच्या तासाला ठेवायचा नाही. तिथे त्याला लगेच चांगलं-वाईट, योग्य-अयोग्य असं रूप येतं. गणितात, भूगोलात, भाषेत तोच पदार्थ आला की त्याच्यावर निवाडा करायची कोणाला घाई नसते.

यात नवं काही नव्हतं. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या नयी तालीमची मांडणी झाली तेव्हा एका उद्योगाभोवती सगळे विषय गुंफायच्या या रीतीला समवाय म्हटलं गेलं. आमच्याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, बोर्डीला, ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे अनुताई वाघांसह ते कोसबाडला गेलं, आणि मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची हे याच कामात घडलं. आम्ही फक्त उलट दिशेने पाहिलं : अंगणातलं काय काय शाळेत आणता येईल, आणि काय आणू नये.

जेवणाचा नकाशा

भूगोलाच्या तासाला मुलांनी गावाचा नकाशा काढला. त्यात घरं दाखवली नाहीत, जमीन दाखवली. खाली खाजण (खाऱ्या पाण्याची जमीन) आणि पुळण (वाळू), मग भाताचे मळे, मग वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन, सगळ्यांत वर सडा. प्रत्येक पट्ट्यात काय पिकतं, काय मिळतं ते लिहायचं. मळ्यात भात आणि भातानंतर कुळीथ, वाल, पावटा. वरकसावर नाचणी आणि वरी. खाडीत कालवं, तिसऱ्या, खेकडे. सड्यावर पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी.

हा नकाशा तयार होईपर्यंत आम्हा शिक्षकांच्या डोक्यात वर्गाची एक वाटणी होती, हे मान्य करायला हवं. हिंदूंचं जेवण, मुसलमानांचं जेवण, बौद्धांचं, बाहेरून आलेल्यांचं. तशी ती कागदावर आलीच नाही. दालदी मुलीने आणि खारवी मुलाने आपल्या पट्ट्यात जे लिहिलं ते जवळजवळ एक होतं : तांदळाची भाकरी, भात, कालवण, सुकट. मी त्या मुलीला सहज म्हणाले, "तुमच्याकडे बिर्याणीही होत असेल ना?" ती म्हणाली, "लग्नात, बाई." रोजचं तिचं जेवण शेजारच्या खारव्याच्या घरासारखंच. कुणबीवाडी आणि बौद्धवाडी यांच्या नोंदीही अशाच एकमेकींवर बसल्या : नाचणी, कुळीथ, रानभाजी, आठवडी बाजाराच्या दिवशी मासळी. आमच्या गावात जेवणाचा नकाशा धर्मावरून पडला नाही, चढावरून पडला. सण, उपास, न खायच्या गोष्टी यांत फरक आहेच आणि तो लहान नाही. पण पोट भरतं ते उंचीप्रमाणे.

मुलांना हे आमच्या आधी समजलं होतं असं वाटतं. त्यांना त्यात नवल काहीच वाटलं नाही.

चिरेखाणीवरच्या मुलीच्या बाबतीत मी पुन्हा तीच चूक केली. कर्नाटक म्हणजे रागी, असं धरून मी तिला नाचणी दाखवून विचारलं, "तुमच्याकडे याचे मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे गोळे, करतात ना?" तिने नाही म्हणून मान हलवली. तिचं गाव विजापूरकडचं. त्यांच्याकडे जोळ, म्हणजे ज्वारी, आणि जोळद रोट्टी. रागी दक्षिणेकडे खातात, तिने ती पाहिली होती, खाल्ली नव्हती. बहुरंगी वर्गात शिकवताना अनादरापेक्षा असलं अर्धवट ज्ञान जास्त आडवं येतं. आपण पाहुण्याच्या पुढ्यात त्याच्या नावाने भलत्याच कोणाचं ताट ठेवतो.

कोदो म्हणजे कोणतं धान्य?

वर्षभरातले सगळ्यांत चांगले दोन आठवडे या प्रश्नाने दिले.

भाषेच्या बाईंनी 'एका धान्याची नावं' असा तक्ता सुरू केला होता. नाचणी, नाचणा, नागली, रागी अशी नावं जमली होती. एका वाटीत नाचणीचं पीठ फिरवलं. बागेतला नेपाळी मुलगा वर्गात फार बोलत नसे. त्याने पीठ चिमटीत घेतलं आणि म्हणाला, "कोदो." त्याच्या गावी याचं ढिंडो करतात : पाणी उकळायचं, पीठ टाकत टाकत घोटायचं, घट्ट झालं की गुंद्रुकबरोबर, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याच्या रश्शाबरोबर, खायचं. बाईंनी तक्त्यावर कोदो लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलीने हरकत घेतली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, त्या वेळचं एक हिंदी पत्रक शाळेत पडलेलं होतं. त्यात रागी आणि कोदो वेगवेगळी छापली होती, चित्रंही वेगळी. "म्हणजे हा चुकला," असं तिचं म्हणणं. मुलगा मागे हटेना. वर्गात दोन बाजू झाल्या. मी उत्तर दिलं नाही, कारण मलाही ते तेव्हा नीट ठाऊक नव्हतं.

शोधल्यावर दोघंही बरोबर निघाली. नेपाळीत कोदो म्हणजे नाचणीच. हिंदीत कोदो म्हणजे दुसरंच धान्य, आणि ते कोकणाला परकं नाही. आपण त्याला हरीक म्हणतो, घाटावर कोद्रा म्हणतात. कुणबीवाडीतल्या एका आजींनी हरीक म्हटल्यावर लगेच सांगितलं की पूर्वी वरकसावर होई, आणि नीट न साठवलेला हरीक खाल्ला तर माणसाला झिंग येते. हे खरं आहे. ओल धरलेल्या हरकावर बुरशी वाढते आणि तिच्या विषाने चक्कर, उलट्या होतात. एका शब्दाच्या भांडणातून धान्य साठवणुकीचा धडा आपोआप समोर आला.

मग मुलांना शास्त्रीय नावाची गरज पटली. नाचणी : एल्युसिन कोराकाना. हरीक : पास्पालम स्क्रोबिक्युलेटम. इतकी वर्षं मी ही नावं पाठ करायला लावत होते आणि मुलं कंटाळत होती. या वेळी त्यांनी ती स्वतः तक्त्यावर लिहिली, कारण एका भांडणाचा निकाल त्यांच्याशिवाय लागत नव्हता. नेपाळी मुलाचं म्हणणं खरं ठरलं, आणि त्यासाठी त्या मुलीला चूक ठरावं लागलं नाही. माझ्या दृष्टीने यातच सगळं आलं.

नंतर नाचणी गणितात गेली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, सडीक पांढऱ्या तांदळात जेमतेम ७-८. दहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५० मिलिग्रॅम लागतं. एका भाकरीला पीठ किती लागतं ते मुलांनी घरी वजन करून आणलं, साधारण ६० ग्रॅम निघालं. म्हणजे एका भाकरीत सुमारे २२० मिलिग्रॅम, जवळपास कपभर दुधाइतकं. इथे थांबलो असतो तर अर्धसत्य शिकवल्यासारखं झालं असतं. नाचणीत फायटेट असतात, ते कॅल्शियम आणि लोह बांधून ठेवतात, त्यामुळे खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही. भिजवून मोड आणले, आंबवलं, की हा अडसर कमी होतो. आपली आंबील आणि मोड आणून केलेलं नाचणीसत्त्व यांच्यामागे हेच रसायन आहे.

मासळी, कुळीथ आणि एक तक्रार

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ म्हणून आणि समुद्र खवळलेला म्हणून. बंदरावरच्या घरात हे ६१ दिवस सुक्या मासळीवर निघतात. म्हणजे माझा गृहपाठ नेमका त्या दिवसांत पडला होता जेव्हा या घरांतलं जेवण सर्वांत साधं असतं. हे मला आधी सुचायला हवं होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही ताजा जवळा शाळेत आणला, चटईवर वाळवला आणि रोज वजन केलं. गणित शेकडेवारीचं. ताज्या १०० ग्रॅममध्ये ८० ग्रॅम पाणी धरलं तर उरलेला २० ग्रॅम ऐवज कुठे जात नाही. वाळल्यावर १६ टक्के पाणी राहिलं तर एकूण वजन २० भागिले ०.८४, म्हणजे २४ ग्रॅमच्या आत. चार किलोचा एक किलो. बंदरावरच्या मुलांना हे उत्तर आधीच माहीत होतं. रीत माहीत नव्हती. वर्गात एरवी गणितात मागे असणारी ती मुलं त्या दिवशी फळ्यापाशी उभी होती.

त्यातूनच तक्ता कसा वाचायचा ते शिकवता आलं. सुक्या जवळ्यात १०० ग्रॅममागे प्रथिनं भरपूर दिसतात, पण १०० ग्रॅम जवळा कोण खातं? भाकरीबरोबर मूठभर, १५ ग्रॅम. 'दर १०० ग्रॅम' आणि 'आपल्या ताटात' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे एवढं नीट कळलं तरी आहाराच्या पुष्कळशा जाहिराती मुलांना फसवू शकणार नाहीत. खाऱ्या बांगड्यातल्या मिठाबद्दलही बोललो, कारण बऱ्याच घरांत रक्तदाबाची गोळी घेणारी आजी आहे.

तिसऱ्या दिवशी एक आजोबा शाळेत आले. कुणबीवाडीतले, गळ्यात तुळशीची माळ, वर्षानुवर्षं आषाढीची वारी केलेले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "गुरुजी, आमचं घर माळकरी. पोराला मासळी हातात धरायला लावू नका, एवढीच विनंती." गुरुजींनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि चूक कबूल केली. आम्ही आधी विचारायला हवं होतं.

मग प्रश्न आला की या मुलाने काय करायचं. बाजूला बसवलं तर तो वेगळा पडतो, आणि त्याच्या घराच्या पाळणुकीची त्याला शिक्षा होते. उत्तर गणितातच सापडलं. त्याच्या गटाने कुळीथ घेतला. १०० ग्रॅम कोरडा कुळीथ, त्यात प्रथिनं साधारण २२ ग्रॅम. भिजवून मोड आल्यावर वजन दुपटीच्या आसपास गेलं, म्हणजे आता १०० ग्रॅममध्ये ११. प्रथिनं गेली कुठे? कुठेच नाहीत, पाणी आलं. एका गटाचं उदाहरण पाणी जाण्याचं, दुसऱ्याचं पाणी येण्याचं, आणि फळ्यावर दोन्हींची मांडणी एकच. नंतर वर्गातल्या कोणालाही कुळथाचा गट हा वगळलेल्यांचा गट वाटला नाही. इतर शिक्षकांना माझं आवर्जून सांगणं आहे की पर्यायी कृती ही धड्याच्या गाभ्यातूनच काढावी. 'तू हे करू नकोस, तू चित्र काढ' असं म्हटलं की धडा हातचा जातो आणि मूलही.

इतिहास आणि भाषेत जे झालं ते थोडक्यात सांगते. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं, आणि त्यांच्या व्यापाराबरोबर अमेरिकेतली पिकं या किनाऱ्यावर आली. बटाटा, काजू, अननस, पाव हे शब्दही त्यांच्याकडचेच. मिरचीही बाहेरची, हे कळल्यावर वर्ग बराच वेळ मानायलाच तयार नव्हता. मिरची येण्याआधी आपलं कालवण कशाने तिखट होत असेल, यावर मुलांनी मिरी, आलं, तिरफळ अशी नावं काढली. 'आमचं' आणि 'बाहेरचं' यांबद्दल मी कितीही भाषण केलं असतं तरी काम एवढं झालं नसतं.

अंड्याची रांग

२०२३ च्या नोव्हेंबरात शासनाने पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं, आणि न खाणाऱ्यांना केळं, असा निर्णय घेतला. सोयीसाठी आम्ही दोन रांगा केल्या. अंडंवाले इकडे, केळंवाले तिकडे. काही आठवडे गेल्यावर लक्षात आलं की त्या रांगा म्हणजे घराघराची जाहीर नोंद झाली होती. कोण कोणत्या वारी रांग बदलतं, कोणाचा उपास, कोणाची माळ, सगळं मोजलं जात होतं. आणि माळकरी घरातला तोच मुलगा केळ्याच्या रांगेतून अंड्याच्या रांगेकडे बघत असायचा.

दोन्हीची एक रांग केली. टोपल्या स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या दोन हातांना, आणि मूल त्यांना हळूच सांगेल ते. घरच्यांची इच्छा आम्ही विचारून लिहून ठेवली होती आणि तिच्याविरुद्ध काही दिलं नाही. पण सगळ्यांसमोर निवड करायचं ओझं मुलांवरून उतरलं. २०२५ च्या जानेवारीत शासनाने अंड्यासाठीचा निधी थांबवला, लोकसहभागातून करता आलं तर करा असं झालं. आमच्याकडे ते महिन्यातून एखाद्या वेळी जमतं. मला हे फार लागलं. नाचणी-कुळथाचं कितीही कौतुक केलं तरी वाढत्या मुलाच्या ताटातलं अंडं सहज भरून निघत नाही.

२०२५ चा मार्च जवळजवळ सगळा रमजानचा होता. किशोरवयीन मुलींना आठवड्याला एक निळी लोहगोळी मिळते, ती जेवल्यावर घ्यायची असते. रोजा ठेवणाऱ्या मुलींचं काय करायचं ते आरोग्यसेविकेला आणि आयांना विचारून ठरवलं : गोळी घरी, संध्याकाळी रोजा सोडून जेवल्यावर. गोळीबरोबर लगेच चहा नको, लिंबू चालेल, हे त्याच वेळी सगळ्या वर्गाला सांगितलं. चहातली टॅनिन लोह शोषू देत नाहीत, लिंबातलं क जीवनसत्त्व मदत करतं. दहा ते बारा वर्षांच्या मुलीला दिवसाला २८ मिलिग्रॅम लोह लागतं, त्याच वयाच्या मुलाला १६. हा फरक का, हा प्रश्न एका मुलानेच विचारला. पाळीबद्दल मुलं-मुली एकत्र बसून न हसता बोलली ती या आकड्याच्या निमित्ताने.

सोमवार

या सगळ्याने मुलांच्या प्रकृतीत काय फरक पडला ते मी सांगू शकत नाही, आम्ही तसं काही मोजलेलं नाही. बदल दिसला तो वह्यांत. फेब्रुवारीत भाषेच्या बाईंनी 'आमच्या घरचा पावसाळा' असा निबंध दिला. जेवणाचं विचारलं नव्हतं. जुलैत तिन्ही दिवस पनीर लिहिणाऱ्या मुलीने पानभर जवळ्याची चटणी लिहिली : चूल, खापरी, कोकम, आणि आजी जवळा निवडताना त्यातले खडे कसे काढते तेही.

तरीही एक गोष्ट अशी झाली की जिचं काय करावं ते आम्हाला अजून उलगडलेलं नाही.

आम्ही गणितासाठी शाळेच्या स्वयंपाकाचाच हिशेब घेतला होता. सहावी-सातवीच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, ७.५ ग्रॅम तेल, आणि त्यातून ७०० किलोकॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं, असं प्रमाण आहे. मुलांनी पडताळून पाहिलं. तांदळाची प्रथिनं बाराच्या जवळ, मूगडाळीची सातच्या जवळ, उरलेलं भाजीतून. बेरीज जुळली तेव्हा त्यांना खूप आनंद झाला. मग कोणीतरी म्हणालं की प्रत्यक्ष किती संपतं तेही मोजू. महिनाभर रोज उरलेल्या भाताचं वजन करून स्तंभालेख काढला.

आलेखात सोमवारी भात उरत नव्हता. गुरुवार-शुक्रवारी थोडा उरायचा, शनिवारी त्याहून जास्त, सोमवारी पातेलं घासून पुसून रिकामं. मुलांना वाटलं सोमवारची भाजी चांगली असते. मी मावशींना विचारलं. त्यांनी चुलीपाशी काम करता करताच सांगितलं, "बाई, रविवारी शाळा नसते ना."

त्या हे वर्षानुवर्षं जाणून होत्या. सोमवारी आधी कोणाला वाढायचं, कोणाला न मागता दुसऱ्यांदा वाढायचं, हे त्यांचं ठरलेलं होतं. रात्री भात आणि चहा लिहिणारा मुलगा त्यांच्या त्या यादीत होता. एकूण पाच मुलं, आणि ती एका वाडीतली, एका जातीची, एका धर्माची नव्हती. दोन बंदरावरची, एक बागेतलं, दोन वरच्या अंगाची.

वर्गात तक्ते लावायची पद्धत आहे, म्हणून मुलांनी तो आलेखही लावायला घेतला होता. मी तो 'अजून तपासायचा आहे' म्हणून मागून घेतला. तो माझ्या कपाटात आहे. लावला तर सातवीतलं कोणतंही हुशार मूल आठ दिवसांत त्याचा अर्थ लावेल आणि मग नजरा त्या पाच जणांकडे वळतील. लपवला तर मी मुलांपासून त्यांचंच खरं उत्तर लपवते. दोन्ही पटत नाही. गुरुजींनी शाळा व्यवस्थापन समितीत, कोणाचं नाव न घेता, शनिवारी मुलांबरोबर घरी कोरडं काही देता येईल का ते मांडलं आहे. एका आंबा बागायतदाराने नाचणी द्यायची तयारी दाखवली. पीठ कोण दळणार, आणि ते सगळ्यांना द्यायचं की काहींना, यावर बैठक अडली. सगळ्यांनाच, असं मी आणि भाषेच्या बाई धरून बसलो आहोत.

जूनमध्ये नवा वर्ग येईल. पहिल्या आठवड्यात जेवणाबद्दल काहीच विचारायचं नाही, नकाशापासून सुरुवात करायची, एवढं ठरलं आहे. सोमवारी तांदूळ मोजताना मावशींना विचारायचं, हेही.